बारा गाण्यांचे समीक्षक

दहा वर्षं स्वतःची गाणी लिहून गायली की श्रोते जमोत न जमोत, किस्से मात्र जमतात. पोत्यानं!

मी रिठदचा. बाबांबरोबर भाजीपाला पिकवतो, सकाळी वाशीमच्या मंडईत नेतो आणि उरलेल्या वेळात गिटार. यंदा आजवरच्या गाण्यांतली बारा निवडून त्यांचा अल्बम नेटवर टाकला. बायकोला सांगून ठेवलं, "यातलं एकही गाणं कुणाच्या काळजाला लागलं नाही, तर गिटार माळ्यावर." खरं सांगतो, थकलोय. बाबांनी तर दहा वर्षांत चांगलं नाही की वाईट नाही, एक शब्द काढलेला नाही.

पहिलं परीक्षण पुण्याच्या एका वेबसाइटवर आलं. म्हटलं, नशीब फळफळलं! समीक्षकानं माझ्या गाण्यांवर दोन ओळी लिहिल्या होत्या आणि "मागं सतत घुमणारा, मातीतला खोल ठेका" यावर अख्खा परिच्छेद. तो ठेका म्हणजे शेजारच्या गजाननभाऊंची पिठाची चक्की. रेकॉर्डिंगपुरती बंद ठेवा म्हणून किती हातापाया पडलो होतो! त्यांना परीक्षण वाचून दाखवलं, तर म्हणाले, "मंग माह्यं नाव काहून नाई टाकलं बे?"

काकूला अल्बम समजावून सांगितला. जुनीच गाणी, जरा नीट करून, एकत्र.

"म्हंजे कालच्या पोयीले फोडनी," काकू म्हणाली. "बरी लागते. पन पावन्याले नाई वाढत कोनी."

मंडईत आमच्या मालाचा लिलाव रामभाऊ करतात. त्यांनी मात्र बाराच्या बारा ऐकली. मग चारचौघांत म्हणाले, "तुले मालाचा कट्टा, पोतं भरता येत नाई लेका. चांगला माल वरतं ठेवाव, बारीकसारीक खाली दडपाव. तुह्यं पयलंच गानं किडकं!"

पुण्याच्या परीक्षणापेक्षा हे मला जास्त पटलं. पहिलं गाणं किडकंच आहे.

शेलूबाजारचा सलीम माझा दोस्त, जीप चालवतो. त्यानं कौतुकानं अल्बम गाडीत लावला. "अख्खी गाडी झोपली ना राजा! दोन बाया फाटा सोडून पुढं गेल्या. त्याईले वापस आनून सोडा लागलं." माझा चेहरा बघून म्हणाला, "नाराज नको होऊ यार. सुकून हाय तुह्या आवाजात. पन माह्या धंद्यात सुकून चालत नाई!"

त्या दिवशी घरी येऊन गिटारला खोळ घातली. बायको बघत होती. वाईट वाटलं, लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मळ्यात गेलो. कोबीत रोही, म्हणजे नीलगाई, शिरतात, म्हणून बाबा बांधावर स्पीकर लावून बसतात. आवाजानं जनावर पळतं. लांबूनच ऐकू आलं, माझंच गाणं! बायकोनं पेनड्राइव्ह भरून दिला होता म्हणे. म्हणजे मी आता बुजगावणं!

गुपचूप त्यांच्याजवळ टेकलो. पाचवं झालं, सहावं झालं. सातवं सुरू होताच बाबा उठले, बटण दाबून ते गाळलं आणि आठवं लावलं.

"बाबा, सातवं काहून गाळलं?"

"त्या गान्याले रोही पयत नाई. उभाच राह्यते."

"मंग काठीनं हाकलाचा ना!"

"कोन हाकलन?" बाबा कोबीकडे बघत म्हणाले. "मीबी उभाच राह्यतो."