बोंबलाच्या हाताची उडी

आत्ता शेजारून सुके बोंबील तळल्याचा वास आला आणि मला डायरेक्ट ती दुपारच आठवली! आमच्याकडे एक जुना अ‍ॅडव्हेंचर गेम होता, त्यात देवळातली एक खोली, चारही मूर्ती बरोबर दिशेला फिरवल्या की दार उघडणार. आख्खी सुट्टी मी फक्त ती खोली फास्ट कशी संपवायची हेच शोधत होतो. कुठली मूर्ती आधी, कुठून पळायचं, सगळं पाठ! सोसायटीत माझ्याएवढा फास्ट कोणीच नव्हता. त्या दुपारी मित्र माझा खेळ बघायला बसलेले, आणि शिरवणे गावातली माझी मामेबहीण भरल्या ताटावरून उठून आली. "दे ना मना जरा, काय येवढं हाय त्यात?" तसाच तेलकट हात तिने कंट्रोलरला लावला, अंगठा सटकला, दोन बटणं एकदम दाबली गेली आणि गेममधला हिरो मूर्तीवर चढून थेट दारावरून पलीकडे! मूर्ती एकही फिरवली नाही! पोरं ओरडली, "ताई, एक नंबर!" माझ्याकडे कोणी बघेचना. ती म्हणाली, "झाला? बोंबील गार होतील माजे," आणि परत ताटावर जाऊन बसली. नंतर मी किती ट्राय केलं, शेवटी बोटांना तेल चोळलं तेव्हा कुठे जमलं, तर मित्र म्हणाले, "हां, ताईची उडी." आत्ताच तिला फोन करून विचारलं, आठवतंय का? तर म्हणते, "कुठला गेम रं?" इथे माझा अजून जळफळाट होतोय, आणि तिला साधं आठवतही नाही!