बिनवासाचा साबण

मुग्धाच्या डाव्या कानामागे एक जुना व्रण आहे. तो रिठ्यांपायी झाला असं सांगितलं तर कुणाला खरं वाटायचं नाही.

उदयची बँकेतली बदली कोलकात्याला झाली आणि तिथल्या बेहाला भागातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात मुग्धाने सगळ्यात आधी देव मांडले. उदयने सगळ्यात आधी तंबू वाळत घातला. रानात जाऊन राहायचा त्याला भारी नाद, आणि इथल्या मराठी मंडळींना तो नाद त्यानेच लावला. थंडी पडली की चार-पाच कुटुंबं गाड्या काढून पुरुलियाच्या डोंगरात जायची. निघण्याआधी उदय सगळ्यांना बसवून सांगायचा, रोजचा साबण ओढ्यात गेला तर माशांच्या कल्ल्यांना कशी इजा होते, पाण्यातले किडे कसे मरतात. सांगताना त्याचा आवाज ओला व्हायचा.

"किती हळवा माणूस गं तुझा," शैलाताई म्हणायच्या. त्यांचे यजमान प्रकाशराव लष्करात, फोर्ट विल्यमला. मराठी मंडळींत या दोघांच्या शब्दाला वजन होतं.

पहिल्या सहलीच्या वेळी साबण निवडायचं काम मुग्धाकडे आलं. तिने फार विचार केलाच नाही. देवीचे चांदीचे दागिने ती रिठ्यानेच उजळायची. त्याहून निर्मळ काय असणार? पूजेच्या सामानाच्या दुकानातून रिठे आणले, भिजवले, उकळले आणि गाळून काचेच्या बाटलीत भरले. उदयने बाटली उजेडात धरली.

"हे काय आहे?"

"रिठ्याचं पाणी. झाडाचंच फळ, म्हटलं चालेल."

"रिठ्याने मासे मरतात. मासे धरायला लोक डोहात रिठे कुटून टाकायचे. माहीत नसेल तर विचारावं माणसाने."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. ते ती पुढेही कबूल करायची. पण बोलणं संपायच्या आत बाटली तिच्या कानावर फुटली. रिठ्याचं पाणी डोळ्यांत गेलं, रक्त मानेवरून पाठीत उतरलं, आणि उदय शांतपणे म्हणाला, "काचा नीट वेच. नूपुरच्या पायाला लागतील."

लेक नूपुर शाळेतून आली तेव्हा फरशी लख्ख होती आणि आईने केस मोकळे सोडले होते. सहलीच्या बैठकीत उदयने गंमत म्हणून सांगितलं, "आमच्या सौभाग्यवतींनी तर माशांसाठी विषच उकळलं होतं." सगळे खळखळून हसले. मुग्धाही हसली.

मग उदयने स्वतः शोधून साबण मागवला. पातळ, बिनरंगाचा, बिनवासाचा. वास असला की मुंग्या आणि जनावरं येतात, म्हणे. पण हाही साबण थेट पाण्यात चालायचा नाही. ओढ्यापासून लांब खड्डा खणायचा, बादलीने पाणी न्यायचं, तिथेच धुवायचं, मातीत जिरू द्यायचं. मुग्धाला ते मनापासून पटलं होतं. तिच्या आईनेही नदीत कधी साबण लावू दिला नव्हता. तांब्याने पाणी काठावर घ्यायचं आणि मग हातपाय धुवायचे, ही घरची रीतच होती. रीत पटत होती, पण जाच संपत नव्हता. साबण जास्त सांडला म्हणून उदयने तिची बोटं दारात चिरडली. खड्डा उथळ खणला म्हणून लाथ घातली. बेहालातल्या डॉक्टरांना ती दर वेळी सांगायची, न्हाणीघरात पाय घसरला.

एकदा हळदीकुंकवाला तिने धीर करून शैलाताईंपाशी विषय काढला. "ताई, ते हात उचलतात हो."

"कुणाच्या घरात भांड्याला भांडं लागत नाही? अगं, मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपणारा माणूस तो."

मुग्धाने पन्ह्याचा पेला तोंडाला लावला.

देवापाशी तिचं एकच मागणं होतं, हा हात नूपुरवर उठू नये. पोर मोठी होत होती, बापाला उलट बोलायला लागली होती, आणि मुग्धा संध्याकाळी दिव्यासमोर जरा जास्त वेळ बसायला लागली होती.

यंदाच्या जानेवारीत पुरुलियाच्या ओढ्याकाठी सकाळचा चहा उकळत होता. शैलाताई गाळणं शोधत होत्या. उदय लाकडी हातोड्याने तंबूच्या खुंट्या सैल करत होता. आणि नूपुर ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभी राहून, गुलाबाच्या वासाच्या शाम्पूची पुडी फोडून केस चोळत होती.

उदयने ते पाहिलं. तो धावत गेला आणि केसांना धरून तिला खाली ओढलं. ती दगडावर आपटली.

"बाबा, छोडो ना, माझा केस चिपचिप झाला होता," नूपुर रडत म्हणाली. हातोडा वर गेला.

मुग्धा मध्ये कशी पोचली ते तिलाही सांगता येत नाही. पहिला घाव तिच्या कपाळावर बसला, दुसरा खांद्यावर. हाड मोडल्याचा आवाज चुलीपर्यंत आला. ती पाण्यात बसली, पण नूपुरला पोटाशी धरून बसली, आणि तिसरा घाव पाठीवर घेतला. फेसात रक्त मिसळून खाली वाहू लागलं.

"पाण्यातून बाहेर हो," उदय धापा टाकत म्हणाला. "खड्डा तिकडे आहे."

प्रकाशरावांनी मागून त्याचा हात पिरगाळला, तेव्हा कुठे हातोडा सुटला.

"घरातली गोष्ट आहे, साहेब. पोरीने ओढ्यात शाम्पू ओतला," तो म्हणाला. एवढं सांगितलं की सगळ्यांना पटेल, अशी त्याची खात्री होती.

शैलाताई साडीसकट पाण्यात उतरल्या. शालीने कपाळ बांधताना त्यांनी मुग्धाचे केस मागे सारले, आणि त्यांची बोटं कानामागे थांबली.

"हे कधीचं गं?"

"रिठ्यांचं."

शैलाताईंना ती बैठक आठवली. आपण सगळ्यांत मोठ्याने हसलो होतो, हेही आठवलं. मुलीला एका काखेत आणि आईला दुसऱ्या काखेत घेऊन त्यांनी गाडी गाठली. उदयला प्रकाशरावांनी तिथेच अडवून ठेवलं.

गावातल्या दवाखान्यात टाके घालायच्या आधी डॉक्टरांनी विचारलं, "कैसे लगा?"

"पाय घसरला" हे शब्द मुग्धाच्या ओठांवर सवयीने आले. कोपऱ्यात नूपुर उभी होती. तिच्या केसांत शाम्पू तसाच वाळला होता, त्यात आईचं रक्त.

"पति ने मारा," मुग्धा म्हणाली. "हथौड़े से. बेटी को भी मारा. लिख लीजिए, पुलिस को यही देना है."

दुसऱ्या दिवशी मायलेकी शैलाताईंच्या घरी पोचल्या. मुग्धाचा एक हात गळ्यात बांधलेला होता. दुसऱ्या हाताने तिने तांब्या भरला आणि नूपुरला मोरीत बसवून डोक्यावर पाणी ओतलं. कडक झालेले केस हळूहळू सुटू लागले.

"आई, इथे चंदनवाला साबण आहे. त्याला वास आहे. लावू?"

"लाव," मुग्धा म्हणाली आणि पुन्हा तांब्या भरला.