एकोणपन्नासावं आवर्तन

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. सिकंदराबादजवळच्या कुकटपल्लीच्या एका कारखान्यात मोजमापाची उपकरणं तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. दोनदा मोजून जे सारखं येतं ते खरं, एवढंच मला कळतं. म्हणून हे जसं मोजलं तसं लिहितो. अर्थ लावायचा प्रयत्न करून झाला आहे, तो लागला नाही.

नव्वदीच्या सुरुवातीची वर्षं. घरोघरी केबल येत होती, आणि ज्याला त्याला अमेरिकेचा व्हिसा हवा होता. आम्ही मूळचे नांदेडकडचे, वडिलांच्या वेळेपासून बरकतपुऱ्यात. माझा धाकटा भाऊ शेखर हेवी मेटल वाजवणाऱ्या बँडचा मुख्य गिटारिस्ट होता. मला ते संगीत कळत नसे, पण त्याची बोटं कळत. बेंगळुरूच्या कॉलेजांतली पोरं नुसती त्याचा डावा हात बघायला स्टेजला चिकटून उभी राहत. ड्रमवर इम्रान, बेसवर प्रसाद, आणि साथीचा गिटार वाजवत गाणारा सिकंदराबादचा एक मुलगा.

मुंबईच्या एका कॅसेट कंपनीनं त्यांच्याकडून एक गाणं मागवलं होतं. सहा वर्षांच्या मेहनतीनंतर आलेली ही पहिली संधी. रेकॉर्डिंग रविवारी ठरलं, आमच्याच माडीवरच्या खोलीत. इम्रानच्या मामानं जेद्दाहून एक यंत्र आणलं होतं, त्यात एकाच कॅसेटवर चार वाद्यं चार वेगळ्या पट्ट्यांवर घेता येत. चौथी पट्टी शेखरच्या सोलोची, म्हणजे गाण्याच्या मधे त्याच्या गिटारनं पुढे येऊन वाजवायच्या तुकड्याची. सोलो तो सगळ्यात शेवटी, एका दमात वाजवणार होता. तोवर कुणाला ऐकवायचा नाही, ही त्याची सवयच होती.

शुक्रवारी सकाळी नल्लकुंट्याच्या वळणावर त्याची स्कूटर घसरली आणि डावा हात दुकानाच्या काचेत गेला. दोन बोटं वाकवणाऱ्या दोऱ्याच तुटल्या, असं डॉक्टर म्हणाले. पाठीवरचा गिटारही मोडला.

प्रसादचं अमेरिकेचं विमान सोमवारी. म्हणून रविवारी दुपारी तिघांनी शेखरशिवाय रेकॉर्डिंग केलं. सोलोची जागा मोकळी ठेवली... हात बरा झाला तर भरू, या आशेवर. चार ठोक्यांचं एक आवर्तन, अशी अठ्ठेचाळीस आवर्तनं. मिनिटाला एकशेसाठ ठोके, म्हणजे बहात्तर सेकंद. स्टॉपवॉच माझ्या हातात होतं. ते साडेत्र्याहत्तरवर थांबलं.

"इम्रान, दीड सेकंद जास्त आहे," मी म्हणालो.

"दादा, आप तो शादी में भी घड़ी लेके बैठे होंगे," तो हसला. मग बोटांवर मोजू लागला. "एक चक्कर ज्यादा हो गया. सोलो खतम होते वक्त शेखर मुंडी हिलाता ना... मैं उधरीच देख रा था. वो हैच नै."

पुन्हा घ्यायचं तर वीज गेली, आणि प्रसादची बॅग भरायची होती. चूक तशीच राहिली. वीज गेली त्याआधीच मी चारही पट्ट्या एकेक करून ऐकल्या होत्या. वहीत नोंद आहे – "चौथी : कोरी." कॅसेट माझ्या कपाटात ठेवली, किल्ली माझ्या खिशात. यंत्र इम्रान घरी घेऊन गेला.

शेखरची जखम चिघळली, दवाखान्यातला मुक्काम लांबला. तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. हाताबद्दल एक शब्द विचारायचा नाही. आईनं भरवलं तर दोन घास, नाहीतर तेही नाही.

सोळाव्या दिवशी दुपारी इम्रान यंत्र घेऊन आला. सोलोशिवायच गाणं मुंबईला पाठवून बघावं, असं त्याचं मत. मी कपाट उघडून कॅसेट दिली. गाणं सुरू झालं, सोलोची जागा आली...

आणि गिटार वाजू लागला.

इम्राननं माझ्याकडे पाहिलं. "ये कब बजाया उने?"

मी बाकीच्या तीन पट्ट्या बंद केल्या. चौथीवर एकट्या गिटारचा आवाज. शेखरच्या गिटारच्या दांडीवरच्या एका पडद्यावर कायम खरखर यायची, तीही होती. वेळ मोजली. साडेत्र्याहत्तर सेकंद. परत मोजली. तेवढीच.

आम्ही यंत्र उचलून दवाखान्यात गेलो. काही न सांगता शेखरच्या कानांना हेडफोन लावले. तो डोळे मिटून ऐकत होता, उजव्या हाताची बोटं चादरीवर चालत होती. शेवटाशी ती थांबली आणि त्यानं डोळे उघडले. हेडफोनमधून बारीक ऐकू येणारा सूर अजून चालू होता.

"हा माझाच सोलो आहे," तो म्हणाला. "कुणालाच ऐकवला नव्हता. पण अठ्ठेचाळीसवर संपतो, दादा. हे शेवटचं लांबवलेलं माझं नाही."

"वो गलती मेरी है," इम्रान म्हणाला. "तू नै था तो एक चक्कर ज्यादा बजा दिया."

शेखरनं तो शेवट पुन्हा एकदा ऐकला. मग म्हणाला, "मी असतो तर मीही सूर असाच धरला असता. तुला उघडं पाडलं नसतं."

"तो भेज दूँ बंबई?"

"नक्को. त्यांनी उद्या स्टेजवर बोलावलं तर कोण वाजवणार?"

इम्रानच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं कॅसेट काढून माझ्या हातात दिली.

संध्याकाळी डॉक्टर आले. शेखरनं पहिल्यांदाच स्वतः विचारलं, "ही दोन बोटं आता वाकणार नाहीत ना?" डॉक्टर म्हणाले, नाही. "बरं," तो म्हणाला, आणि आईला ताट वाढायला सांगितलं.

माझी नोंद चुकली असेल, हे मी मानायला तयार आहे. कपाटाची दुसरी किल्ली कुणाकडे असेल, तेही मानतो. पण ती चूक इम्राननं केली रविवारी, आणि शेखरचा हात शुक्रवारीच गेला होता. त्या जादा आवर्तनात इम्रानला सांभाळून घ्यायला कोण थांबलं होतं, ते मला आजही सांगता येत नाही.