सात जणांचा संघ

महाडला दिव्यांच्या उजेडात कबड्डीचे सामने चालले होते. माझ्या शेजारी एक म्हातारा बसला होता. अंगात संघाची जुनी जर्सी, तिच्यावरचं वाडीचं नाव धुऊन धुऊन पुसट झालेलं. कुणीही चढाईला निघाला की हा श्वास रोखायचा आणि तो परतल्यावरच सोडायचा.

मला राहवेना. "काका, तुमचा संघ कधी उतरणार?"

"आमचा?" मैदानावरची नजर न काढता तो म्हणाला, "संघाला सात जण लागतात. वाडीत आता बायका धरून पाच माणसं हायत. पोरं सगळी मुंबईला."

सामने संपले. माइकवर उद्याच्या संघांची नावं वाचायला लागले, तशी माणसं उठली. म्हातारा तेवढा शेवटचं नाव येईपर्यंत श्वास रोखून बसून राहिला.