कुंभारवाड्याला मी जे सांगायला गेले

साठच्या दशकातली गोष्ट. बेळगावच्या एका इस्पितळात मी बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होते, वय तेवीस. दोन दिवसांची रजा टाकली आणि कुणालाही न सांगता कुंभारवाड्याला निघाले. हॉस्टेलमधल्या मुलींना वाटलं, घरी चालले असेन.

तीन आठवड्यांपूर्वी कुंभारवाड्याची पार्वती आमच्याकडे बाळंत झाली होती. मुलगी झाली, सगळं नीट पार पडलं. चौथ्या दिवशी तिला ताप चढला, नवव्या दिवशी ती गेली. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "या बायका रानातूनच ताप घेऊन येतात." सगळ्यांना ते पटलं. मला मात्र ठाऊक होतं. शेजारच्या खाटेवरच्या बाईची पिकलेली जखम मी साफ करत होते, तेवढ्यात पार्वतीकडून हाक आली. नळ कोरडा, पाण्याची बादली व्हरांड्याच्या पार टोकाला. मी हात फडक्याला पुसले आणि तिला तपासलं.

लोंढ्यापर्यंत आगगाडी, तिथून रामनगरवरून सुप्याला मोटार. ते सुपा आता शोधू नका, धरणाच्या पाण्याखाली गेलं. तेव्हा तिथं गरम भजी आणि गुळाचा चहा मिळे. पुढे मोटार कधी येईल ते कुणालाच सांगता येईना, म्हणून लाकडं आणायला निघालेल्या लॉरीत बसले.

"एकटीच व्हय, अक्का? तिकडं कोण हाय तुमचं?" ड्रायव्हरनं विचारलं.

"कुणी नाही."

भर दुपारी रस्त्यावर उन्हाचे नुसते ठिपके होते. एवढं सुंदर रान मी पाहिलं नव्हतं, आणि ते दाखवायला शेजारी कुणी नव्हतं.

लॉरीतून उतरून कापणी झालेल्या भातखाचरांतून अर्धा तास चालले. पार्वतीची आई इस्पितळात तिच्याजवळच राहिली होती. तिनं मला लांबूनच ओळखलं.

"पोरीला बघाय आलीस? बस, बाय." तिनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. गाईच्या दुधावर पोरीनं बाळसं धरलं होतं. तेवढ्यावरच बोलून निघता आलं असतं. पण मी सांगितलं. जखम, नळ, फडकं, सगळं.

तिनं माझ्या हातांकडं पाहिलं.

"हात धुवायचं असतं, ह्ये तुला ठाव न्हवतं?"

"ठाऊक होतं."

"मग?"

"घाई झाली."

तिनं बाळ माझ्याकडून काढून घेतलं. आत जाऊन नाचणीची आंबील आणून पुढ्यात ठेवली. "पी. उपाशी रानातनं जाऊ नको." मी पीत असताना तिनं विचारलं, "माझ्या लेकीच्या खाटंवर आता कोण हाय?"

"नंदिगड्ड्याची एक बाई. पहिलटकरीण."

"मग तू हितं काय करतीस?"

आंबील संपवून उठले, नमस्कार केला. तिनं मान वळवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेळगावला पोचले ती थेट वॉर्डात. मोठ्या सिस्टरना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे पुन्हा कुणापुढं बोलू नकोस." त्यानंतर रोज सकाळी मी प्रत्येक खाटेशी पाण्याची बादली आणि साबण ठेवू लागले, आणि डॉक्टर असोत की आया, हात धुतल्याशिवाय कुणाला बाईला शिवू देईना. "हिला सोवळं चढलंय," मुली हसायच्या. हळूहळू जेवायला माझ्यासाठी थांबेनाशा झाल्या. नंदिगड्ड्याची बाई दहाव्या दिवशी मुलाला घेऊन घरी गेली.

आता जोयड्याला, त्या सगळ्या रानात, चांगले रस्ते आहेत, लोक जंगल बघायला जातात. जा, पावसाळा सरल्यावर जा. मी पुन्हा गेले नाही. त्या वेळी माफी मिळेल म्हणून गेले होते, ती त्या माउलीनं दिली नाही. दिली असती तर मी हलकी होऊन परतले असते, आणि पुढच्या घाईत बहुधा पुन्हा तसंच केलं असतं.