सायकलीचा दाखला

माझ्या चुलतसासऱ्यांइतका, म्हणजे आमच्या आबांइतका, कागदावर जीव असलेला माणूस घोडेगावात दुसरा झाला नाही, आणि होऊही नये असं निम्मं गाव म्हणतं. जनावरांच्या बाजाराच्या फाटकावर दाखले तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. बैल कुणाचाही असो, मालकाचा दाखला असल्याशिवाय आत नाही. एकदा सख्ख्या मेव्हण्याची गाय त्यांनी फाटकाबाहेर उन्हात उभी केली आणि मेव्हण्याला मात्र आत बोलावून चहा पाजला. वर म्हणाले, "तुमची वळख हाय मला, गाईची न्हाई." नोकरी संपली तरी खोड काही गेली नाही. मी अंगणवाडीत खिचडी वाटायला लागले, की हे पटावरची नावं पोरांच्या तोंडाशी ताडून बघणार. तोवर खिचडी गार!

अशा माणसाला त्यांच्या पुण्याच्या लेकानं बॅटरीची सायकल पाठवली. कारण साधं होतं. त्यांची थोरली बहीण, आमच्या आत्याबाई, गावापासून तीन-चार किलोमीटरवर वस्तीवर असतात आणि वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या आहेत. त्यांना सकाळचा चहा फक्त ह्या भावाच्या हातचा लागतो. ह्यांचे गुडघे चालण्यातून गेलेले. सायकल आली, बहीणभावाची रोजची गाठ पुन्हा सुरू झाली आणि आम्ही सुटलो असं वाटलं. कसलं सुटतो! आठ दिवसांत त्यांनी विचारलं, हिचा दाखला कुठाय? मी पावती दाखवली. ती म्हणे खरेदीची, दाखला वेगळा. दुकानदार म्हणाला, ही हळू पळते, हिला नंबर नको, लायसन नको. फाट्यावरचा पोलीस म्हणाला, बाबा, ही सायकल, जावा. आरटीओतला म्हणाला, ही आमच्याकडं येतच नाही. मग ते माझ्या चुलीपुढं येऊन बसले. पायडल हाणलं की सायकल, मुठीचा कान पिळला की मोटार, मग दोन्ही एकदम केलं तर काय, असं त्यांनी मला विचारलं. मी इतका विचार केला की आमटी करपली. शेवटी त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर स्वतःच दाखला लिहिला. रंग तांबडा, शिंगं दोन, कपाळावर दिवा, खोड: उताराला ऐकत नाही.

तेवढ्यावर थांबते तर ते आमचे चुलतसासरे कसले. गावात अशा सायकली वाढल्या होत्या, म्हणून ग्रामसभेत उभे राहून त्यांनी मागणी केली की परीक्षा घेतल्याशिवाय कुणी ही चालवू नये. झालं, सभा पेटली. मुलींच्या आया म्हणाल्या, आमच्या पोरी ह्याच्यावर हायस्कूलला जातात, परवाना लागू केला तर घरी बसतील. मला पटलं. चुलतसासरे म्हणाले, "धडकल्यावर हाड मोडतंय. सायकल हुती का मोटार, हे हाड इचारत न्हाई." मला तेही पटलं. मग पुन्हा आया बोलल्या आणि मी पुन्हा मान हलवली. दोन्ही पक्षांत मान डोलावणारी बाई त्या सभेत मी एकटीच. तास-दीड तासाच्या गोंधळानंतर ठरलं, की सक्ती करायचा हक्क गावाला नाही, पण ज्याला आपखुशीनं परीक्षा द्यायची त्यानं रविवारी अंगणवाडीपुढं यावं.

रविवारी मी फळ्यावर मोठी अक्षरं काढली. वीस पावलांवरून ती वाचायची आणि मग चुन्याच्या रेघेवर ब्रेक मारायचा. पहिला नंबर त्यांनी स्वतःचाच लावला. उभे राहिले, डोळे बारीक केले, मान डावीकडं नेली, उजवीकडं नेली. मला एकदम आठवलं, मागच्याच आठवड्यात ह्यांनी विजेच्या खांबाला रामराम घातला होता आणि आम्ही पोट धरून हसलो होतो. वस्तीची वाट पाठ म्हणून ते जात होते इतकंच. मी फळ्याशेजारून हळूच अक्षरं पुटपुटायला लागले.

"सूनबाई, त्वांड मीट," ते म्हणाले. मग निकालाच्या वहीवर वाकले, आपल्या नावापुढं नापास लिहिलं आणि किल्ली माझ्या हातात दिली.

सगळ्यांनी समजावलं, की अहो, कायदा तुम्हाला अडवत नाही. त्यांचं म्हणणं एकच: "कायदा अडवत न्हाई म्हनून मी सुटलो व्हय?"

दोन दिवस ओट्यावरून हलले नाहीत. वस्तीवरून निरोप आला, आत्याबाईंनी चहा घेतला नाही. मी स्कूटी काढली, म्हटलं, आबा, बसा मागं. त्यांनी हात पुढं केला आणि लायसन मागितलं. आठ वर्षं मी स्कूटी चालवतेय, लायसन कधी काढलंच नव्हतं! ते उलटे फिरले आणि ओट्यावर जाऊन बसले. असा संताप आला म्हणून सांगू! तिकडं बहीण वाट बघतेय आणि ह्यांना कागद! पण ज्या माणसानं स्वतःला सोडलं नाही, तो मला कशाला सोडेल? फणफणत अर्ज भरला. महिना-दीड महिना ते दूधवाल्याच्या सवडीनं जात राहिले, आणि एकदाचं माझं लायसन हातात आलं.

तेव्हापासून रोज सकाळी मी त्यांना नेते. बसण्याआधी ते लायसन मागतात, नाकाजवळ नेतात, उलटसुलट करतात, "बराबर हाय" म्हणतात आणि मग बसतात. मागच्या आठवड्यात घाईत माझ्या हातून त्यांना पॅनकार्ड दिलं गेलं. माझ्या ध्यानात येईपर्यंत त्यांनी ते दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि म्हणाले, "बराबर हाय."

कार्ड परत घेतलं आणि स्कूटी सुरू केली. वाटभर आरशात त्यांचं तोंड बघायचा धीर झाला नाही. वस्तीवर पोचल्यावर त्यांनी चहा ठेवला, चाचपून डबा काढला, पत्ती टाकली, आणि थोड्या वेळानं पुन्हा टाकली. चहा कडूजहर झाला होता. आत्याबाईंनी तो शेवटच्या घोटापर्यंत पिऊन कप खाली ठेवला.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "आज चा लई झ्याक झालाय."