बुवांशी समेट नको होता

आमच्या शेजारच्या बुवांबद्दल दोन शब्द चांगले बोलणारा माणूस रोहण्यापासून आर्वीपर्यंत कुणी शोधून दाखवावा, मी त्याला घरी बोलावून पुरणपोळी खाऊ घालीन. बुवा म्हणजे आमच्या गावच्या भजनी मंडळाचे मुख्य गायक. लोक म्हणतात, त्यांच्या गळ्यात देव बसला आहे. मला नाही पटत. देव असता तर बुवांचा स्वभाव पाहून दोन दिवसांत खोली खाली करून निघून गेला असता. पण गळा आहे, हे मलाही नाकारता येत नाही, आणि माझं सगळं दुखणं तिथूनच सुरू होतं.

त्यांच्या अंगणात पोरांचा चेंडू गेला तर बुवा तो परत देतात, नाही म्हणत नाहीत. फक्त आधी विळीवर त्याच्या दोन फाका करतात. आमच्या सीताफळाची फांदी त्यांच्या बाजूला गेली, तेव्हा त्यांनी भिंतीवर दोरी धरून रेघेबरहुकूम ती छाटली आणि छाटलेल्या भागातली कच्ची सीताफळं आमच्या दारात आणून ओतली. मंडळातला झांजवाला एकदा ताल चुकला, तर भर कार्यक्रमात माईकवरून म्हणाले, "बैलाले समजते बे, तुले काऊन नाई समजत?" त्यांची बायको वर्षातले आठ महिने माहेरी असते. उरलेले चार महिने ती परत का येते, हे आम्हा बायकांना आजवर कळलेलं नाही.

आणि फर्माईश! एका लग्नघरी नवरीच्या आजोबांनी हात जोडून एक भजन म्हणायला सांगितलं. बुवा तीन तास गायले. ते एक सोडून सगळं गायले. म्हातारा शेवटपर्यंत सतरंजीवर आशेनं बसून होता. बुवांना काही मागितलं की ते त्या माणसाला जन्मात मिळत नाही, हे तेव्हापासून सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक झालं.

मी गावात अंगणवाडी सेविका आहे. सासर सुटलं तशी आईजवळ येऊन राहिले, त्यालाही आता खूप वर्षं झाली. तेव्हा बुवा रस्त्याच्या बाजूच्या ओट्यावर बसून रियाज करत, तोही भोंगा लावून, आणि समोरच माझी अंगणवाडी. पोरं खिचडी खाऊन जरा लवंडली की यांची तान सुरू. मी ग्रामपंचायतीत तक्रार केली. भोंगा निघाला. बुवांनी रियाजाची जागा बदलली आणि परसात, आमच्या दोघांच्या सामाईक भिंतीला तोंड लावून, पहाटे पाच वाजता पेटी काढून बसले. पहिल्याच दिवशी आवाज दिला, "तक्रार कराची होती नं तुले? आता घे!"

मी घेतलं. काय सांगू, अंथरुणात पडल्या पडल्या मी त्यांना शिव्या देत होते आणि कान मात्र भिंतीकडे होते. मग उठून चुलीशी बसले तरी तेच. हा माणूस वरच्या सुरावर थांबायचा तेव्हा समोरचं दूध उतू जायचं आणि मला हलवत नव्हतं. आवाजात जराही लाडीगोडी नाही. सरळ, खडखडीत, छातीतून येणारा. एकाच ओळीवर तो दहा वेळा फिरून यायचा आणि दहाही वेळा ती ओळ मला नवीन वाटायची. मग उजाडल्यावर हाच माणूस माझ्या कोंबडीला ढेकूळ मारायचा. माझा जीव जळायचा की ज्याचं तोंड पाहू नये वाटतं, त्याचाच आवाज रोज पहाटे हवासा का वाटावा.

आमची बोलचाल बंद होती. बोलचाल बंद म्हणजे काय, तर एकमेकांशी बोलायचं नाही, जनावरांशी बोलायचं. मी माझ्या बकरीला सांगायची, "काय व, लोकायच्या दारात जाऊन तोंड मारतं? लाज वाटते काय?" पलीकडून बुवा त्यांच्या कुत्र्याला सांगायचे, "चूप राय बापा, सरकारी बाई आहे, रिपोर्ट करन तुह्यी." बकरी आणि कुत्रा बिचारे एकमेकांकडे पाहत बसायचे.

दोन वर्षांपूर्वी आई न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. आर्वीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी वय पाहिलं, साखर पाहिली आणि घरी न्या म्हणाले. तिची खाट मागच्या खोलीत टाकली, भिंतीला लागून, कारण तिथून मोरी जवळ. दुखणं पहाटे जास्त उठायचं. चार वाजल्यापासून ती खाटेची पाटी घट्ट धरून ठेवायची, बोटं पांढरी पडेपर्यंत. गोळ्यांनी काही व्हायचं नाही. पाचला पलीकडे पेटीचा भाता हलायचा, बुवा आवाज लावायचे आणि हळूहळू आईची बोटं सुटायची. "आज वेगळं भजन धरलं वं यानं," एवढं म्हणून ती तासभर झोपायची. चोवीस तासांतली तिची खरी झोप तेवढीच. माझी आई, जिनं आयुष्यभर बुवांना 'मुडदा' याशिवाय दुसऱ्या नावानं हाक मारली नाही!

मग माझं तीन दिवसांचं प्रशिक्षण निघालं वर्ध्याला. मावशीला आईजवळ बसवून गेले. परत आले तर आईचा चेहरा उतरलेला, मावशी रडकुंडीला आलेली. "तीन दिवस झाले, तो गाऊन नाई राह्यला," मावशी म्हणाली. बुवा आजारी होते म्हणावं तर नाही, दोन्ही वेळ जेवत होते. मला काही सुचेना. त्या संध्याकाळी त्यांनी आमच्या वाळवणावर मुद्दाम धूळ उडवली, मी बकरीला सांगून त्यांच्या सात पिढ्यांची उणीदुणी काढली आणि दुसऱ्या दिवशी पाचला पेटी वाजली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बुवा रियाज करत नव्हते, मला छळत होते. मी घरी नाही, भांडण नाही, तर पहाटे उठायचं कशाला?

त्या दिवसापासून मी आईला रात्रीची गोळी देण्याआधी संध्याकाळचं भांडण नेमानं देऊ लागले. दिवा लावला की परसात जायचं, बकरी सोडायची, आवाज चढवायचा. कधी विषय सापडायचा नाही तर त्यांच्या धोतरावरून बोलायची. ताप असला तरी भांडले. एका संध्याकाळी बुवा जरा नरम वाटले तेव्हा तर मी त्यांच्या कुत्र्यालाही शिव्या घातल्या.

मोबाइलवर भरून घ्यायचं सुचलं नाही असं नाही. भिंतीवर फोन ठेवून एक अख्खी पहाट भरून घेतली. दुसऱ्या दुपारी आईला लावून दिली. तिनं जरा ऐकलं आणि मान फिरवली. "हे तं कालचं आहे," म्हणाली. "पुढं काय घेते ते मले माईत आहे."

असं बरं चाललं होतं आणि गावाला शांततेचं खूळ लागलं. तंटामुक्ती समितीनं ठरवलं, यंदा गावातला एकूण एक तंटा मिटवायचा आणि वेशीवर तसा बोर्ड लावायचा. धुऱ्याची, म्हणजे शेताच्या बांधाची भांडणं मिटली. दोन भाऊ वीस वर्षांनी एका ताटात जेवले. राहिलो आम्ही दोघं. अध्यक्ष घरी आले, चहा प्याले. "मॅडम, बुवा तयार आहे. तुमीच काऊन अडून राह्यल्या?"

काय सांगणार? खरं कारण सांगितलं असतं तर तासाभरात ते बुवांच्या कानावर गेलं असतं. आम्हाला गाणं हवं आहे हे कळलं की संपलंच. त्या नवरीच्या आजोबांसारखी माझी आई आशेनं पडून राहिली असती. मी म्हटलं, "मले नाई जमत." दुसऱ्यांदा आले, पुन्हा नाही म्हटलं. मग गाव फिरलं. अंगणवाडीत पोट्टे सोडायला येणाऱ्या बाया माझ्याकडे न पाहता जाऊ लागल्या. "बुवासारखा माणूस नमला, पण ही नाई नमत," हे मी माझ्या कानांनी ऐकलं. बुवा चांगले आणि मी वाईट! हसावं की भिंतीवर डोकं आपटावं? तिसऱ्या खेपेला सही केली. नोकरी गावात करायची होती.

पंचायतीसमोर मांडव होता. बुवांनी माझ्या तोंडात पेढा कोंबला, वरून अंगठ्यानं दाबला, फोटो निघाला. मग माईक घेतला, तो त्यांना सोडवतो थोडाच. "आजपासून बाईले माह्या गाण्याचा तरास नाई. सकायचं गाणं मी बंद करून राह्यलो. शेजारधर्म म्हणून." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पदराआड पेढा थुंकून टाकला.

आठ पहाटा कोरड्या गेल्या. आई पाचला भिंतीकडे पाहायची आणि काही विचारायची नाही, मग सहापर्यंत कण्हायची. नवव्या दिवशी विचारलं, "मेला काय तो?" नाही म्हटलं. "मंग काऊन नाई गात?" मी बाहेर येऊन परसात रडले. परसात बकरी सोडली, शिव्या दिल्या, पण बुवा आता शेजारधर्म पाळत होते. पलीकडून हसून म्हणाले, "झोप लागते नं आता चांगली?"

चौथ्या आठवड्यात देवळात दुपारचा कार्यक्रम होता. आष्टीकडचं मंडळ आलं होतं, समुद्रपूरहून कुणी पाहुणे आले होते, ओसरी गच्च. बुवा गायले. बापा रे, काय गायले! एक जागा अशी घेतली की माझ्या हातावर काटा आला, पलीकडची एक म्हातारी पदरानं डोळे पुसत होती, आणि ज्या झांजवाल्याला त्यांनी बैल म्हटलं होतं तोही मान डोलवत होता. भजन संपलं. मी उभी राहिले.

"बुवा," मी म्हटलं, "आज सूर लागला नाई. वय झालं आता. खालच्या पट्टीत गात जा."

अध्यक्षांनी कपाळ धरलं. बुवांचा चेहरा मी पाहिला आणि मला त्यांची दया आली, आयुष्यात पहिल्यांदा. या माणसाजवळ त्या गळ्याशिवाय दुसरं काहीच नव्हतं आणि मी नेमका त्यावर पाय दिला होता. शिवाय ते धडधडीत खोटं होतं. गाणं कळणाऱ्या माणसानं असं खोटं बोलणं म्हणजे अन्नात माती कालवणं, हे मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी पाच वाजायच्या आधीच बुवांनी पेटी काढली. भिंतीला तोंड लावलं आणि एक पट्टी वर चढवून गायले. आईची बोटं सुटली. "आला मुडदा," ती म्हणाली आणि झोपली.

त्यानंतर ती दीड महिना जगली आणि एक दिवस चुकला नाही. गेली ती भर दुपारी, अर्धी वाटी वरणभात खाऊन, तेव्हा बुवा पलीकडे घोरत होते. सुरांच्या साथीनं प्राण गेला असं काही घडलं नाही.

तेरवीला गाव जेवायला आलं, बुवाही आले. तीन वेळा बुंदी घेतली, वरण पातळ आहे म्हणाले. हात धुताना माझ्याजवळ थांबले. आजूबाजूला कुणी नव्हतं. कुत्रा नव्हता, बकरी नव्हती. खाली बघत, अगदी हळू विचारलं, "तुह्या मायले तरी आवडत होतं काय व, माह्यं गाणं?"

खरं माझ्या ओठांवर आलं होतं. बुवा, तुमच्या गाण्यावर माझी आई दोन वर्षं झोपली. एवढं एकच वाक्य. ते ऐकायला हा माणूस बहुतेक जन्मभर थांबला असावा, आणि ते सांगण्यापासून मला अडवणारं आता कुणी उरलं नव्हतं.

"नाई," मी म्हटलं. "तिचं डोकं दुखत होतं."

त्यांनी पाण्याचा तांब्या आपटला आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला पलीकडे पेटीचा भाता हलला. मी मागच्या खोलीत गेले आणि रिकाम्या खाटेवर आडवी झाले. बुवा चिडून, जीव तोडून गात होते, आणि इतकं सुंदर गात होते की मला हुंदका आवरेना. इतके दिवस मी स्वतःला सांगत आले होते की हे सगळं खोटं मी आईसाठी बोलते. पण कालचं खोटं बोलले तेव्हा आईला जाऊन तेरा दिवस झाले होते.